आपल्या शहरातल्या जुन्या नगराध्यक्षाचं, समाजकार्यकर्त्याचं चरित्र कसं लिहायचं: गोव्यातल्यांसाठी

वास्को घ्या, पणजी घ्या, नाहीतर काणकोण घ्या, प्रत्येक ठिकाणी असा एक तरी माणूस होऊन गेलाय ज्याचं नाव रस्त्याला किंवा हॉलला दिलंय, पण तो नेमका कोण होता आणि त्यानं काय केलं हे चाळिशीच्या आतल्या माणसाला विचारलं तर सांगता येत नाही. कुणी नगराध्यक्ष होता, कुणी शाळा काढली, कुणी पदरचे पैसे घालून वाचनालय चालवलं, कुणी डॉक्टर होता आणि साथीच्या दिवसांत घरोघर फिरला. अशा माणसाचं चरित्र लिहायला प्राध्यापक असावं लागत नाही, वेळ काढायची तयारी आणि थोडी चिकाटी पाहिजे. आणि घाई पाहिजे, कारण १९६१ साली जे वीस वर्षांचे होते ते आता पंच्याऐंशीच्या आसपास आहेत, त्यांच्याकडे जे आहे ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

सगळ्यात आधी डोक्यातून गौरविका काढून टाका. आपल्याकडे एकसष्टी, पंच्याहत्तरी, पुण्यतिथीला जे अंक निघतात त्यात ध्येयवेडा, अजातशत्रू, कर्मयोगी असे शब्द असतात आणि वाचून झाल्यावर माणूस काही दिसत नाही. तुम्ही काम लिहा. मार्केट कुठे होतं ते कुठे हलवलं, कधी, ठराव कुणी मांडला, विरोध कुणी केला, जागा कोमुनिदादची (गावकीच्या सामाईक जमिनी सांभाळणारी संस्था) होती की खासगी, पैसे कुठून आले, मासे विकणाऱ्या बायका नव्या जागेत जायला तयार होत्या का. एवढं मिळालं की त्या माणसाचा स्वभाव आपोआप कळतो, वेगळं विशेषण लावायची गरज पडत नाही.

कामाला लागताना एक वही घ्या आणि पानाचे दोन भाग करा. डावीकडे गोव्यात काय झालं, उजवीकडे तुमच्या माणसाचं वय किती होतं आणि तो कुठे होता. डावीकडची ठळक वर्षं अशी: १९१० ला पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मराठी शाळा, वाचनालयं, वर्तमानपत्रं भराभर निघाली. १९२६ नंतर तिकडे हुकूमशाही, मग सालाझार, १९३० चा वसाहत कायदा, सेन्सॉर. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांची पोर्तुगीज राजवटीविरुद्धची सभा. १९५४-५५ पासून भारताची आर्थिक नाकेबंदी, सत्याग्रह, सीमा बंद, रेल्वे बंद. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती. डिसेंबर १९६३ ला पहिली निवडणूक आणि भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार. १६ जानेवारी १९६७ ला ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावर लोकांचं मतदान. १९६८ चा नगरपालिका कायदा. ३० मे १९८७ ला घटक राज्य.

हे शाळेच्या इतिहासासारखं वाटेल, पण याचा उपयोग प्रश्न काढायला होतो. माणूस १९०५ च्या आसपास जन्मलेला असेल तर तो त्या नव्या मराठी शाळांच्या पहिल्या पिढीतला असू शकतो, मग त्याची शाळा कोणती हे शोधायचं. शिकायला मुंबई, बेळगाव किंवा पुण्याला गेला असेल तर १९५५ नंतर तिकडच्या नातेवाइकांशी त्याचा संबंध कसा राहिला, पत्रं कशी यायची, लग्नकार्य कसं झालं हे विचारायचं. आणि १९५० च्या दशकात तो नगरपालिकेत बसत असेल तर एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही: त्याच्या ओळखीतले काहीजण स्वातंत्र्यासाठी आग्वादच्या तुरुंगात असताना हा पालिकेत कसा होता? त्या काळात अध्यक्ष सरकारनं नेमलेला असू शकतो हे लक्षात ठेवा. उत्तर वाईटच असेल असं नाही. कितीतरी लोकांनी आत राहून नळ, दिवे, दवाखाने मिळवले, आणि काहींनी आत राहून कैद्यांच्या घरी गुपचूप मदतही केली असेल, पण ते विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारलं नाही तर वाचणारा तो प्रश्न स्वतः विचारतो.

आता मुलाखती. यात सगळ्यात जास्त वेळ घाला, कागद दोन वर्षांनीही मिळतील, माणसं मिळणार नाहीत.

घरच्यांपासून सुरुवात करू नका असं माझं मत आहे. घरच्यांकडे पहिल्यांदा गेलात तर तुम्हाला तयार गोष्ट मिळते, वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेली, आणि मग तीच तुमच्या डोक्यात बसते. आधी पालिकेतला जुना कारकून, रिटायर झालेला शिपाई, बाजारात सोपो (बसायच्या जागेचा कर) गोळा करणारा, सफाई खात्यातली माणसं, जुना न्हावी, मासळी मार्केटमधल्या म्हाताऱ्या, त्यांच्याकडे जा. साहेब ऑफिसात कधी यायचे, चालत यायचे की गाडीनं, तक्रार घेऊन कुणी आलं तर बसायला सांगायचे का, पावणीच्या (लिलावाच्या) दिवशी कुणाला हाताशी धरायचे, हे यांनाच माहीत असतं. नंतर घरी जा आणि घरात बायकांशी वेगळं बोला. ज्या घरात रोज वीस माणसं तक्रारी घेऊन यायची तिथे चहा, जेवण, भरतीला आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांची झोपायची सोय हे सगळं सुनेनं नाहीतर बायकोनं केलेलं असतं आणि गौरविकेत तिचं नाव सुद्धा नसतं. मला वाटतं अशा माणसाच्या चरित्रात ते एक अख्खं प्रकरण असायला हवं.

बोलणं कोकणीतच होऊ द्या. आपल्याकडे घरात कोकणी, वाचन-लेखन मराठीत आणि त्या पिढीचं सरकारी काम पोर्तुगीजमध्ये अशी तीन भाषांची सवय होती, म्हाताऱ्या माणसाला मराठीत बोलायला लावलं की ते भाषण द्यायला लागतात. कोकणीत बोलले की गप्पा होतात. मग लिहिताना तुम्ही मराठीत आणा, पण एखादं वाक्य फारच नेमकं असेल तर कोकणीतच ठेवा, आपल्या वाचकाला कळतं.

'ते कसे होते' असं विचारू नका, 'खूप चांगले होते' एवढंच उत्तर येतं. 'तुमच्या वाड्यावर नळ आला तेव्हा पहिलं पाणी कुणी भरलं', 'त्याआधी विहीर कुठली होती', 'बाजार हलवला तेव्हा तुम्ही कुठे बसायचा' असं विचारा. आणि गप्प बसायला शिका. म्हातारं माणूस थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, आठवत असतं. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी सांगून करा, पंखा बंद करा, आणि एका बैठकीत तासाच्या वर ताणू नका.

तारखा मात्र कुणाला आठवत नाहीत. 'पोर्तुगीज गेले त्याच्या आदल्या पावसात' असं सांगतात. त्यासाठी आपलं गोव्याचं कॅलेंडर जवळ ठेवा: ओपिनियन पोल म्हणजे १९६७. मांडवीवरचा पहिला पूल झाला ते १९७०. भाऊसाहेब गेले ते ऑगस्ट १९७३. त्यांच्या कन्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांची राजवट म्हणजे १९७३ ते १९७९. चोगम, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची बैठक, १९८३. मांडवीचा पूल पडला तो जुलै १९८६. कोकणी-मराठी राजभाषेचं आंदोलन १९८५ ते १९८७. कोकण रेल्वे १९९८. 'हे पूल पडायच्या आधी की नंतर' असं विचारलं की लगेच उत्तर येतं, अगदी नव्वदीच्या माणसाकडून सुद्धा. वास्कोत असाल तर 'त्या वर्षीच्या सप्ताहाला कोण गवई आलेला' हा प्रश्न त्याहून भारी चालतो, दामोदर सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे आणि बाजारकरांच्या, निरनिराळ्या समाजांच्या पारांच्या (सप्ताहातल्या गात जाणाऱ्या मिरवणुकांच्या) हिशेबवह्या कुणाकुणाच्या घरी असतात, त्यात वर्गणी कुणी किती दिली हे वर्षवार असतं. शहरातल्या कार्यकर्त्याचं नाव नगरपालिकेच्या कागदाच्या कितीतरी आधी अशा वहीत सापडतं.

कागदपत्रांकडे येऊ. गोव्यात जन्म-मृत्यू-लग्नाची नोंदणी १९१४ पासून सक्तीची आहे, तालुक्याच्या नोंदणी ऑफिसात पुस्तकं असतात, हाताने लिहिलेली, पोर्तुगीजमध्ये. जन्माची तारीख आणि नोंदवल्याची तारीख वेगळी असू शकते ते बघा, आणि शाळेतली तारीख तिसरीच असू शकते. तीन तारखा मिळाल्या तर तिन्ही लिहा आणि तुम्ही कुठली धरली ते सांगा. त्याआधीचं हवं असेल तर ख्रिश्चन कुटुंबांसाठी चर्चची पुस्तकं, हिंदूंसाठी देवस्थानच्या महाजनांच्या (देवळाच्या हक्कदार कुटुंबांच्या) याद्या आणि कोमुनिदादचे कागद.

नावं शोधताना पोर्तुगीज स्पेलिंग माहीत नसेल तर समोर असलेलं नाव सुद्धा दिसत नाही. कामत तिथे कामोतीम असतो, प्रभू पोरोबो असतो, केणी केनिम, शेणवी सिनाय, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, 'श' ला बहुतेक वेळा एक्स आणि 'क' ला सी. एकाच माणसाचं नाव तीन कागदांत तीन प्रकारे मिळेल, शिवाय मुक्तीनंतर बऱ्याच जणांनी स्पेलिंग किंवा आडनावच बदललं, त्या बदलाच्या नोटिसा गॅझेटमध्ये येतात. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या माणसाच्या नावाची सगळी रूपं लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्या रूपांनी शोधा. वडिलांचं नाव आणि मूळ गाव जुळल्याशिवाय तोच माणूस असं धरू नका, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ एकाच शहरात असणं गोव्यात नेहमीचं आहे.

पणजीचं पुराभिलेखागार १५९५ साली सुरू झालं, तिथे ओळखपत्र घेऊन जा, काय शोधताय ते एका कागदावर नीट लिहून न्या, आणि पोर्तुगीज वाचता येणारा कुणीतरी सोबत असेल तर उत्तम. पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी १८३२ ची, तिथे जुनी वर्तमानपत्रं आणि पोर्तुगीज काळातलं सरकारी गॅझेट, बोलेतीं ओफिसियाल, बघायला मिळतं, नेमणुका, बदल्या, जमिनीचे आदेश, संस्थांच्या नियमावलीला मंजुरी असं सगळं त्यात येतं. मुक्तीनंतरच्या काळासाठी 'गोमन्तक' १९६२ पासून, 'राष्ट्रमत' १९६३ पासून, 'नवप्रभा' १९७० पासून. त्याच्या आधीचे पेपर वाचताना एक गोष्ट विसरू नका, सालाझारच्या काळात छापलेलं सगळं सेन्सॉरच्या हाताखालून गेलेलं आहे, त्यामुळे अध्यक्षाचं कौतुक छापून आलंय याचा अर्थ लोक खूश होते असा होत नाही आणि टीका दिसत नाही म्हणजे टीका नव्हती असंही नाही. त्या वर्षांसाठी मुंबईतून निघणारी गोवेकरांची पत्रकं आणि घरातली खासगी पत्रं जास्त कामाची.

नगरपालिकेत सभांची इतिवृत्तं असतात आणि हा सगळ्यात दुर्लक्षित खजिना आहे. गोव्यात पणजी महापालिका सोडून तेरा नगरपालिका आहेत, प्रत्येकीची रेकॉर्ड रूम वेगळ्या अवस्थेत. मुख्याधिकाऱ्यांना साधा अर्ज द्या, नाही जमलं तर माहिती अधिकार आहेच, गोव्यात तर तो कायदा १९९७ मध्येच आला, केंद्राच्या आठ वर्षं आधी. अर्ज मोघम करू नका. 'अमुक साहेबांची सगळी माहिती द्या' म्हटलं की 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं, 'अमुक ते अमुक या तीन वर्षांतल्या सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्ताची पुस्तकं बघायला मिळावीत' असं म्हटलं की बघायला मिळण्याची शक्यता वाढते. ठराव नुसता पास झाला एवढं टिपू नका, कोण बोललं, कोण गैरहजर होतं, किती सभांमध्ये तोच विषय परत परत आला हे टिपा. एखादा गटाराचा विषय चार वर्षं प्रत्येक सभेत मांडणारा माणूस कसा असेल हे तुम्हाला तिथेच कळेल.

पैशाचे आकडे जसे आहेत तसेच ठेवा. गोव्यात १९५८ पर्यंत रुपिया चालायची, मग एश्कुद आला, १९६१ नंतर भारतीय रुपया. 'आजच्या हिशेबात अमुक लाख' असं ठोकून देऊ नका. त्यापेक्षा त्याच हिशेबवहीत शिक्षकाचा महिन्याचा पगार किंवा तांदळाचा भाव मिळाला तर तो शेजारी द्या, वाचकाला लगेच अंदाज येतो.

आता वादाचे विषय, आणि इथेच बहुतेक चरित्रं पाय मागे घेतात. १९६७ ला तुमचा माणूस कुठल्या बाजूला होता, विलीनीकरणाच्या की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहण्याच्या? ३४,०२१ मतांच्या फरकानं विलीनीकरण हरलं आणि मराठी वाचणाऱ्या कितीतरी घरांत त्याचं दुःख होतं, कितीतरी घरांत दोन भाऊ दोन बाजूंना होते. तो हरलेल्या बाजूला होता म्हणून ते पान गाळू नका, आणि भाषेच्या आंदोलनात त्याची भूमिका आज काहीजणांना आवडणार नाही म्हणूनही नाही. त्यानं तसं का म्हटलं, तेव्हा त्याला कशाची भीती होती, नंतर त्याचं मत बदललं का, हे त्याच्या शब्दांत, पत्रांत, भाषणात असेल ते द्या. दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोला.

किनाऱ्यावरच्या शहरासाठी अजून एक हमखास विचारायचं, ते म्हणजे ट्रॉलर आणि रांपणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार). १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासे ओढायला लागले आणि पारंपरिक मच्छीमारांनी मोठं आंदोलन केलं, माथानी साल्ढाणा त्यात पुढे होते, १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. शहरातल्या पुढाऱ्यांचे ट्रॉलरमालक मित्र असायचे आणि मतं रांपणकारांची असायची. तुमच्या माणसानं तेव्हा काय केलं, सभेला गेला का, निवेदनावर सही केली का, की त्या आठवड्यात गावाबाहेर होता? पुढे १९९१ ची सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारी) अधिसूचना आली, मग किनाऱ्यावरच्या बांधकाम परवानग्या, वास्कोत बंदर, खनिजाचे ढीग, कोळशाची धूळ. या फाइली वाचायला कंटाळवाण्या असतात पण शहर आज जसं दिसतं ते यांच्यामुळे, आणि माणसाच्या सह्या यांच्यावरच असतात. लिहिताना एकच करा, जे कागदावर आहे ते कागदाच्या तारखेसकट लिहा, जे लोक बोलतात ते 'लोक असं सांगतात' म्हणून लिहा, आणि जे एकच माणूस सांगतो, ज्याला दुसरा कुणी दुजोरा देत नाही आणि ज्यानं कुणाची बदनामी होते ते सोडून द्या. हयात माणसांची नावं त्यांना विचारल्याशिवाय घालू नका.

फोटोंबद्दल. मूळ फोटो घरी घेऊन जाऊ नका, त्यांच्याच टेबलावर खिडकीपाशी फोन सरळ वर धरून काढा, आधी पुढची आणि मग मागची बाजू, मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाला दिला ते लिहिलेलं असतं. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट काढा. लॅमिनेशन तर कुणाला करूच देऊ नका, आतला ओलावा आतच राहतो. फोटोतल्या माणसांची नावं त्याच बैठकीत डावीकडून उजवीकडे लिहून घ्या, मागच्या रांगेतल्यांची सुद्धा. आणि हे सगळं पाऊस सुरू व्हायच्या आत करा, आपल्या हवेत एका जूनमध्ये अख्खी पेटी बुरशीनं जाते, वाळवी लागली तर त्याहून लवकर.

लिहायला बसल्यावर जन्मापासून सुरुवात करायची सक्ती नाही. त्या माणसाचं ज्या एका कामासाठी नाव घेतात तिथून सुरू करा, मार्केट असेल तर मार्केट, शाळा असेल तर शाळेचा पहिला दिवस, आणि मग मागे जा. कुळकथा एका पानात आटपा, सात पिढ्यांची वंशावळ वाचकाला नको असते, परिशिष्टात टाका. अपयश लिहा: हरलेली निवडणूक, रखडलेलं सभागृह, फिस्कटलेली भागीदारी. सत्तर-ऐंशी पानं पुरेत. घरच्यांना छापण्याआधी वाचायला द्या, तारखा आणि नात्यांच्या दुरुस्त्या लगेच घ्या, पण 'हे काढा' म्हणाले तर का ते शांतपणे ऐका, एखाद्याचं आजारपण किंवा घरगुती भांडण असेल तर काढायला हरकत नाही, सार्वजनिक कामातलं असेल तर ठेवा आणि त्यांची बाजूही छापा.

छापणं परवडत नसेल तर चांगली पीडीएफ करा, फॉन्ट युनिकोड ठेवा म्हणजे शोधता येईल. एक प्रत सेंट्रल लायब्ररीला, एक तालुक्याच्या वाचनालयाला, एक ज्या शाळेत तो शिकला किंवा जी शाळा त्यानं काढली तिथे, आणि एक नगरपालिकेला पोच घेऊन. मुलाखतींची रेकॉर्डिंग तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा, प्रत्येक फाइलच्या नावात बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख, आणि ज्यांनी बोलायला वेळ दिला त्यांच्या घरी स्वतः जाऊन पुस्तक द्या, मोठ्या टाइपात प्रिंट काढून, कारण बहुतेकांना बारीक अक्षर दिसत नाही. शेवटची दोन पानं कोरी ठेवा आणि वर 'दुरुस्त्या' असं लिहा, लोक त्यावर पेनानं लिहून परत आणून देतात, दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर तिथूनच येतो.